व्हाइट सॉक्स २०२४: १२१ सामने हरायला नेमकं काय लागतं?

गुगली_गोंधळ

नमस्कार मंडळी. जपानी स्टार ओहतानीच्या नादाने बेसबॉल बघायला लागलो आणि आता सुटत नाही. घरात कुणाला यात काडीचा रस नाही, म्हणून इथे विचारतोय.

जुन्या हंगामांचे गुणतक्ते चाळताना २०२४ च्या अमेरिकन लीग सेंट्रल या पाच संघांच्या गटापाशी (डिव्हिजन) थबकलो. क्लीव्हलँड पहिलं, कॅन्सस सिटी आणि डेट्रॉइट दोघेही प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत), मिनेसोटाचे ८२ विजय. आणि तळाला शिकागो व्हाइट सॉक्स: ४१ विजय, १२१ पराभव. आधी वाटलं छपाईची चूक असेल.

मला जेवढं कळतं त्यानुसार बेसबॉलमध्ये वाईट संघसुद्धा तीनातला एक सामना मारतोच. इथे चारातला एक! सगळे पगारी, व्यावसायिक खेळाडू, मग इतकं हरणं जमतं कसं? मुद्दाम हरत होते का? आणि हा खरंच इतिहासातला सगळ्यात वाईट संघ का? ज्यांनी तो हंगाम प्रत्यक्ष पाहिलाय त्यांनी जरा सविस्तर सांगा. नुसते आकडे मलाही सापडतात.

---

पहिला_बेस

मुद्दाम हरण्याला तिकडे टँकिंग म्हणतात. तळाला राहायचं, ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायच्या पाळीत) वरचा नंबर घ्यायचा, चार वर्षांनी वर यायचं. ह्यूस्टनने २०१३ मध्ये १११ सामने घालवले आणि २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीज (अंतिम फेरी) नेली. सॉक्सचंही तेच गणित असणार. विषय संपला.

---

रेडलाइन_३५

पहिला_बेस, विषय संपत नाही, तो इथेच सुरू होतो. ड्राफ्टचं शेवटी सांगतो, कारण त्यातच सगळ्यात मोठी गंमत आहे.

गोंधळभाऊ, मी शिकागोत राहतो आणि २००५ पासून सॉक्सचा आहे. त्या वर्षी यांनी ९९ सामने जिंकले, प्लेऑफमध्ये १२ पैकी ११, आणि १९१७ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज आणली. हे आधी सांगतोय कारण लोकांना वाटतं हा संघ कायमच गाळात होता. सध्याचे पोपसुद्धा सॉक्सचे चाहते आहेत. २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात ते प्रेक्षकांत बसलेले टीव्हीवर दिसले होते, ते चित्रण २०२५ मध्ये कुणीतरी शोधून काढलं. २०२४ मध्ये प्रार्थनेचा उपयोग झाला नाही, तो भाग वेगळा.

मुळात २०२४ चा संघ २०२४ मध्ये बिघडलाच नाही. २०२१ ला यांनी ९३ सामने जिंकून डिव्हिजन घेतली होती. पुढच्या वर्षी ८१-८१. त्याच्या पुढच्या वर्षी ६१-१०१. ही उतरण बघा, मग ४१ चा धक्का निम्मा होतो. २०२१ चा संघ वरवर झकास होता, पण त्याच्या मागे फळीच नव्हती. चार-पाच नावाजलेले बॅटर आणि खाली जागा भरणारे लोक. नावाजलेले दुखावले की खेळ खलास, आणि ते दरवर्षी दुखावायचे. २०२४ मध्ये तर एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत एलॉय हिमेनेझ, लुइस रॉबर्ट आणि योआन मोंकाडा तिघेही जखमींच्या यादीत गेले. मोंकाडा थेट सप्टेंबरमध्ये परतला. हिमेनेझला जुलैअखेर बाल्टिमोरला देऊन टाकलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये मालकांनी संघबांधणी बघणारे वरचे दोघे अधिकारी, केन विल्यम्स आणि रिक हान, काढले. लोकांना वाटलं आता बाहेरून कोणीतरी खमका माणूस येईल, घर झाडून काढेल. आला कोण, तर त्याच घरातला ख्रिस गेट्झ, जो तोवर तरुण खेळाडू घडवायचं खातं बघत होता. म्हणजे जे खातं सगळ्यात कमकुवत म्हणून ओळखलं जायचं तेच. यावर इथले लोक आजही तावातावाने बोलतात. माझं मत विचाराल तर गेट्झच्या हातात पत्तेच वाईट आले होते, पण बाहेर शोध न घेता घाईने त्याला बसवणं हे मालकाचं दुखणं. जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून या संघात आहेत. शिकागो हे देशातलं तिसरं मोठं शहर, आणि या क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार कोणता? अँड्र्यू बेनिंटेंडीचा, पाच वर्षांचे साडेसात कोटी डॉलर. तुमच्या ओहतानीचा डॉजर्सशी करार ७० कोटींचा आहे. आता बोला.

मार्चमध्ये, हंगाम तोंडावर असताना, डिलन सीझला सॅन डिएगोला दिलं. त्यामुळे पहिल्या सामन्याला पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून उभा राहिला गॅरेट क्रोशे, ज्याने मेजर लीगमध्ये तोवर एकही सामना सुरू केला नव्हता, कायम नंतर येणारा रिलीव्हर. डेट्रॉइटविरुद्ध पोराने सहा इनिंगमध्ये आठ स्ट्राइकआउट घेतले (म्हणजे आठ बॅटरना चेंडू मारूच न देता बाद केलं), एकच रन दिला. सामना १-० ने गेला. पुढच्या सहा महिन्यांची झलक पहिल्याच दिवशी मिळाली होती, फक्त पुढे असे देखणे पराभव फारसे वाट्याला आले नाहीत.

पहिल्या २५ सामन्यांत ३ विजय. मग अचानक टॅम्पा बेला घरच्या मैदानावर ओळीने तिन्ही सामन्यांत हरवलं आणि आम्ही येडे पुन्हा आशेला लागलो. मेअखेर सुरू होऊन जूनमध्ये संपलेली सलग १४ पराभवांची रांग. आणि मग जुलै.

१० जुलैला एका दिवसात मिनेसोटाकडून दोन सामने हरले. तिथून ५ ऑगस्टपर्यंत एकही विजय नाही. सलग २१. अमेरिकन लीगचा नकोसा विक्रम १९८८ च्या बाल्टिमोरच्या नावावर होता, त्याची बरोबरी. त्याच काळात २५ जुलैला डिलन सीझने सॅन डिएगोकडून वॉशिंग्टनला एकही हिट न देता पूर्ण सामना टाकला. त्या संध्याकाळी टीव्ही बंद केला मी. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ ने जिंकले, रांग तुटली, आणि दोन दिवसांनी मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) पेड्रो ग्रिफोलना काढलं. २८-८९ वर. हरताना ठेवला आणि जिंकल्यावर काढला, असा कारभार. उरलेले सामने ग्रेडी साइझमोरने सांभाळले, १३-३२. म्हणजे मॅनेजर बदलूनही फार फरक नाही, कारण आडातच नव्हतं.

आता आकड्यांत डोकावायचं तर दोनच बघा. पूर्ण हंगामात ५०७ रन्स केले, ८१३ दिले. सामन्याला सरासरी तीनच्या जरा वर. बेसबॉलमध्ये एक जुना ठोकताळा आहे: केलेल्या रन्सचा वर्ग भागिले दोन्हींच्या वर्गांची बेरीज, त्यावरून किती सामने जिंकायला हवे होते ते कळतं. इथे ते ०.२८ येतं, म्हणजे ४५ च्या आसपास विजय. चारेक सामने नशिबाने नेले म्हणा, पण ४५ सुद्धा भीषणच. संघ ४१ चा नव्हता, ४५ चा होता, असं म्हणून कुणाला झोप लागणार?

दुसरा आकडा माझा आवडता. २४ सप्टेंबरपर्यंत, नऊपैकी सातव्या इनिंगअखेर पिछाडीवर असलेल्या सामन्यांत यांचा हिशेब होता ०-९४. चौऱ्याण्णव वेळा मागे पडले आणि एकदाही परत आले नाहीत.

ड्राफ्टचं आता सांगतो. २०२२ च्या खेळाडू-मालक करारात टँकिंगला वेसण घालायला ड्राफ्टचे वरचे नंबर चिठ्ठीने काढायची लॉटरी आणली. त्यात एक कलम आहे: जो क्लब क्लबांमधल्या महसूल-वाटपात पैसे घेत नाही, उलट देतो, म्हणजे मोठ्या शहरातला, त्याला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतला नंबर मिळत नाही. २०२३ च्या १०१ पराभवांवर सॉक्सने २०२४ मध्ये पाचवा नंबर घेऊन टाकला होता, हेगन स्मिथसाठी. म्हणून १२१ सामने हरून २०२५ च्या ड्राफ्टमध्ये मिळाला कितवा? दहावा. त्याच्या वर मिळूच शकत नव्हता. तेव्हा पहिला_बेस, मुद्दाम हरायचं असतं तर हे वर्ष कोणी निवडलं नसतं.

---

पहिला_बेस

हे कलम माहीत नव्हतं राव. म्हणजे हरण्याची मजुरीही मिळाली नाही.

---

मैलभर_उंचावर

डेन्व्हरहून हजेरी. रॉकीजचा चाहता, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा मला पूर्ण हक्क आहे.

रेडलाइन, तुमचं दुःख मान्य, पण 'सगळ्यात वाईट' ही पदवी अशी सहज नेऊ देणार नाही. आमच्या २०२५ च्या रॉकीजनी ४३-११९ केलं. दोन विजय जास्त, बरोबर. पण रन्सचा फरक बघा. तुमचा उणे ३०६, आमचा उणे ४२४. १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये कुणाचाच एवढा नाही. पहिल्या ५९ सामन्यांत आमचे ९ विजय होते. मे महिन्यात सॅन डिएगोने २१-० ने धुतलं, दुसऱ्या दिवशी आम्ही ९-३ ने जिंकलो आणि लगेच मॅनेजर बड ब्लॅकना घरी पाठवलं. जिंकल्यावर काढायचं खूळ तुमच्याकडूनच घेतलं असणार.

आणि टक्क्यांनी मोजायचं तर १९६२ चे मेट्स अजूनही खालीच आहेत. ४०-१२० म्हणजे बरोब्बर .२५०. सॉक्स .२५३. त्यांचा एक सामना बरोबरीत सुटला आणि एक खेळलाच गेला नाही, नाहीतर १२१ चा आकडा कदाचित तेव्हाच लागला असता. १९१६ च्या फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सनी तर ३६-११७ केलं होतं, .२३५. तेव्हा तुम्ही फक्त हरलेल्या सामन्यांच्या संख्येत पहिले आहात. तेही विसाव्या शतकापासून मोजलं तर, कारण १८९९ चे क्लीव्हलँड स्पायडर्स १३४ हरले होते.

---

रेडलाइन_३५

मैलभर, पदवी घेऊन जा. पोचवायला येतो.

तरी एक फरक सांगतो. मेट्सचं १९६२ हे पहिलंच वर्ष होतं, नवा क्लब, इतर क्लबांनी नको म्हणून दिलेले खेळाडू. त्यांच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती, लोक कौतुकाने बघायला जायचे. इथे तीन वर्षांपूर्वी डिव्हिजन जिंकलेला क्लब होता. तुमचं उणे ४२४ मात्र निरुत्तर करणारं आहे, ते मान्य.

---

गुगली_गोंधळ

वा, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन शंका. ०-९४ हा आकडा २४ सप्टेंबरपर्यंतचाच का दिलात? आणि तो क्रोशे इतका चांगला होता तर त्याने जास्त सामने का नाही जिंकून दिले?

---

रेडलाइन_३५

क्रोशेचं आधी. त्याने २०२४ मध्ये १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट घेतले, ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. डावखुरा, उंच, चेंडू हातातून सुटतो तो बॅटरच्या अंगावर येतोय असं वाटतं. पण बिचाऱ्याला आधीच्या वर्षांत फार पिचिंग करता आलं नव्हतं, कोपराची शस्त्रक्रिया झालेली. एवढ्या इनिंग हाताला झेपतील का याची भीती होती, म्हणून जुलैपासून त्याला चार इनिंगच्या वर टाकूच दिलं नाही. चार इनिंग सुंदर, आणि मग फोन फिरवायचा बुलपेनला (राखीव पिचरांना). आमचं बुलपेन म्हणजे, जाऊ दे. आघाडी हातात घेऊन आत गेलेला माणूस ती बाहेर आणेल याची खात्री कुणालाच नव्हती, त्या माणसालासुद्धा.

काही जण म्हणतात त्याला असं जपून ठेवलं ते विकायचा माल म्हणून. असेलही. डिसेंबरात बोस्टनला दिलाच. बदल्यात काइल टील, चेस माइड्रॉथ, ब्रेडन माँटगोमरी असे तरुण आले. क्रोशेने २०२५ मध्ये बोस्टनसाठी १८ सामने जिंकले, २५५ स्ट्राइकआउट. मला त्याचा राग नाही, उलट बरं वाटलं. या पोराला निदान कुणीतरी सातवी इनिंग दाखवली.

आता सप्टेंबर. २२ तारखेला सॅन डिएगोत १२० वा पराभव झाला, मेट्सची बरोबरी. मग संघ घरी आला, शेवटचे तीन घरचे सामने, एंजल्सविरुद्ध. आता १२१ वा शिकागोतच होणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि एरवी ओस पडणाऱ्या मैदानावर लोक खास त्यासाठी आले. मी पण गेलो. मैदानाजवळच्या पस्तीसाव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा गाडीतल्या लोकांच्या चेहऱ्यावर लग्नाला निघाल्यासारखा उत्साह. कुणी डोक्यावर कागदी पिशव्या चढवलेल्या. सातव्या इनिंगअखेर ०-२ ने मागे. स्टँडमधून 'संघ विका, संघ विका' असा घोष, थेट मालकाला उद्देशून. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा सामन्याचं स्कोअरकार्ड पेन्सिलीने भरत होते, प्रत्येक चेंडू. त्यांनी मागे वळून घोष करणाऱ्या पोरांना सांगितलं, 'विकतील तेव्हा विकतील, आधी बॅटर बघा.'

आणि आठव्या इनिंगमध्ये यांनी तीन रन्स केले! बेनिंटेंडीच्या हिटवर दोन आले. ३-२. ९४ वेळा न जमलेली गोष्ट ९५ व्या वेळी जमली, तीही ज्या दिवशी अर्धं मैदान हरण्याची वाट बघत होतं त्या दिवशी. काही लोकांनी चक्क हुर्यो उडवली. इतिहास बघायला आलो होतो, फुकटचा विजय कोणाला हवाय, असा भाव. आजोबांनी त्या तीन रन्सखाली जाड रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी ४-३, दहाव्या इनिंगमध्ये. तिसऱ्या दिवशी ७-०. तिन्ही सामने जिंकले. शेवटी १२१ वा २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये झाला.

---

टायगर_इन_विंटर

त्या रात्रीचं मी सांगतो, डेट्रॉइटकडून. ४-१. आमच्यासाठी तो २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ नक्की झाल्याचा सामना होता. शेवटचा आउट पडला आणि आमचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते, आणि पलीकडच्या डगआउटमधून सॉक्सचे खेळाडू मुकाट आत जात होते. एकाच चेंडूवर एका संघाचा दहा वर्षांचा उपास सुटला आणि दुसऱ्याचं नाव नको त्या वहीत लिहिलं गेलं.

मी हसलो नाही. २००३ मध्ये आमचे टायगर्स ४३-११९ होते. तेव्हाही सगळे मेट्सच्या १२० कडे डोळे लावून बसले होते, आणि शेवटच्या सहापैकी पाच जिंकून आम्ही एका सामन्याने वाचलो. गंमत म्हणजे सॉक्सनीही २०२४ मध्ये शेवटच्या सहापैकी पाचच जिंकले. त्यांना पुरले नाहीत. आणि हो, २००३ नंतर तीनच वर्षांनी, २००६ ला, टायगर्स वर्ल्ड सिरीजमध्ये होते. हरले तिथे, पण होते.

कॅन्सस सिटीचंही लक्षात घ्या. २०२३ ला त्यांचे १०६ पराभव, २०२४ ला ८६ विजय आणि प्लेऑफ. अर्थात त्यात सॉक्सचाही हातभार आहे, त्यांच्याविरुद्ध कॅन्सस सिटी १२-१.

---

रेडलाइन_३५

मिनेसोटापण १२-१. आम्ही आख्ख्या डिव्हिजनचे अन्नदाते.

एक प्रसंग मघाशी राहिला, तो सांगितल्याशिवाय २०२४ पूर्ण होत नाही. २३ मे, घरच्या मैदानावर बाल्टिमोर. नवव्या इनिंगमध्ये आम्ही मागून येऊन ६-८ पर्यंत पोचलो, बेसवर दोघे, एकच आउट. मैदान पेटलेलं. बेनिंटेंडीने चेंडू उंच उडवला, शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर). अशा वेळी इनफील्ड फ्लायचा नियम लागतो: झेल सोपा असला की अंपायर आधीच बॅटरला बाद देतो, म्हणजे फील्डरने मुद्दाम सोडून दोघांना बाद करू नये. बरं, दोन आउट. पण दुसऱ्या बेसवरचा आमचा अँड्र्यू व्हॉन परत बेसकडे येताना शॉर्टस्टॉप गनर हेंडरसनच्या वाटेत होता, म्हणून अंपायरने अडथळ्याबद्दल त्यालाही बाद दिलं. हेंडरसनने झेल आरामात घेतला होता! तीन आउट, सामना संपला. चेंडू हवेत होता तोवर आशा होती, आणि खाली येईपर्यंत सगळे घरी निघालेले. गोंधळभाऊ, पहिल्या प्रश्नात 'कसं जमतं' विचारलंत ना, तर असंही जमतं.

---

गुगली_गोंधळ

हे वाचून हसू का रडू कळेना. शेवटचं विचारतो: आता सॉक्स बघण्यासारखे आहेत का, की २००५ चेच सामने शोधून बघू? आणि २०२४ मधला एखादाच सामना बघायचा तर कोणता?

---

रेडलाइन_३५

बघा की. २०२५ ला विल व्हेनेबल मॅनेजर झाले, ६०-१०२ झालं. शंभरच्या वर पराभव सलग तिसऱ्या वर्षी, तरी १९ विजय जास्त आणि संघात जीव दिसला. कोल्सन माँटगोमरी म्हणून तरुण शॉर्टस्टॉप आहे, जुलैत वर आला आणि ७१ सामन्यांत २१ होम रन ठोकले. टील विकेटकीपरच्या जागी, म्हणजे कॅचर, तोही दमदार. माझं ऐकाल तर माँटगोमरीची बॅटिंग बघायला सुरुवात करा.

२०२४ मधला एकच बघायचा तर २४ सप्टेंबर, एंजल्सविरुद्ध. पण आठव्या इनिंगपासून लावा. त्याआधीच्या सात बघितल्यात तर परत बेसबॉलकडे फिरकणार नाही.